गोष्ट सुचते कशी आणि लिहून पूर्ण होते कशी

वऱ्हाडात काय किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत काय, गोष्ट सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. पारावरचा एखादा म्हातारा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या जुन्या भांडणाची हकीकत सांगायला लागला की चहा निवून जातो, पण कोणी उठत नाही. गोष्ट लिहिणारा मात्र गावात एखादाच असतो, आणि तोही बहुधा कोणाला न सांगता लिहितो. बारावी होऊन घरी बसलेली मुलगी, शेती सांभाळणारा तिशीतला पोरगा, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, अंगणवाडीताई, अशा कितीतरी जणांच्या मनात कथा-कादंबरी लिहायची इच्छा असते. त्यांच्या तक्रारी दोनच. एक, काही सुचत नाही. दुसरी, सुचलं तरी तडीस जात नाही.

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली सुचण्याची, दुसरी टिकून राहण्याची. आपण दोन्ही प्रेरणेच्या खात्यावर मांडतो आणि प्रेरणा येईल म्हणून वाट पाहत बसतो. गेल्या शंभर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या दोन्हींचा वेगवेगळा अभ्यास केला आहे. त्यातून जे हाती आलं ते शहरातल्या लेखकापेक्षा गावात राहून लिहिणाऱ्याच्या जास्त कामाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ते इथे उलगडून सांगतो.

सुचतं तेव्हा नेमकं काय होतं

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं १९२६ मध्ये नवं काही सुचण्याचे चार टप्पे मांडले. आधी तयारी, मग ते मनात मुरणं, मग अचानक उजेड पडणं आणि शेवटी पारखून घेणं. आपल्याला बाहेरून दिसतो तो फक्त तिसरा टप्पा. एखाद्याला वावरातून येता येता कथा सुचली असं आपण ऐकतो आणि ती आभाळातून पडली असं समजतो. तिच्यामागचे दोन टप्पे दिसत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. विदर्भातल्या अनेक गावांत सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. वर्षाची रक्कम, धान्य, कपडालत्ता त्या दिवशी ठरतो. समजा पाडव्याच्या संध्याकाळी गावात बोलणं झालं, की अमक्याकडचा जुना सालगडी यंदा राहिला नाही. ही झाली बातमी. पारावर ती दोन मिनिटांत संपते, कारण तिच्यात विचारण्यासारखं काही उरत नाही. आता तुम्हाला आणखी एक गोष्ट कळली. त्या घरच्या मालकिणीनं पाडव्याच्या आधीच त्याच्यासाठी कपडे शिवून ठेवले होते. आता मात्र मनाला टोचणी लागते. तो राहणारच याची तिला इतकी खात्री होती का? की तो जाणार हे कळल्यामुळेच तिनं घाई केली? त्या कपड्यांचं आता ती काय करेल?

ही टोचणी म्हणजे सुचण्याची सुरुवात. घटनेत एखादा तपशील असा सापडतो की तो बाकीच्या हकीकतीत बसत नाही, आणि मन त्याचं कारण शोधू लागतं. कोणाला काहीतरी हवं आहे, ते मिळत नाही किंवा मागता येत नाही, एवढं दिसलं की गोष्टीचं बी हाती आलं. खून, पळून जाणं, पूर, आग असं मोठं काही घडावंच लागतं असं नाही.

मग तयारीचा टप्पा. सालगड्याचा दिवस किती वाजता सुरू होतो, तो जेवायला कुठे बसतो, त्याचा कप वेगळा ठेवलेला असतो का, उचल किती घेतली होती, बैल कोणाचं ऐकतात, मालकाचं की त्याचं? हे सगळं विचारून, पाहून वहीत टिपायचं. याला घाई करून चालत नाही. आणि भरपूर जमा झालं की ते काही दिवस बाजूला ठेवायचं. विरजण लावलेलं भांडं सारखं हलवून पाहिलं तर दही लागत नाही, तसं या टप्प्याचं आहे. लिहायला बसून कपाळ धरण्यापेक्षा दुसऱ्या कामाला लागलेलं बरं. रात्रीच्या लाईनवर ओलीत करायला गेल्यावर, किंवा डुकरं-रोही हाकलायला जागलीवर बसल्यावर एकदम लक्षात येतं, की ही गोष्ट मालकानं किंवा सालगड्यानं सांगायचीच नाही. ती त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरानं सांगायची, ज्याला बैलगाडी हाकायला त्या सालगड्यानंच शिकवलं.

चालण्याचा इथे खरोखर उपयोग होतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझ्झो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसलेल्या लोकांपेक्षा चालणाऱ्या लोकांना सरासरी ६० टक्के जास्त नव्या कल्पना सुचल्या, आणि चालून आल्यावर खाली बसल्यावरही तो परिणाम थोडा वेळ टिकला. मात्र जिथे एकच बरोबर उत्तर शोधायचं होतं तिथे चालण्यानं फायदा झाला नाही. याचा अर्थ लिहिणाऱ्यानं असा घ्यावा: पात्र पुढे काय करेल हे शोधताना वावरापर्यंत पायी जा, आणि वाक्यं तासायची असतील तेव्हा जागेवर बसा.

वाट पाहण्याबद्दल एक प्रयोग

रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये लिहिताना अडखळणाऱ्या प्राध्यापकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं त्यांचे तीन गट केले. एका गटाला सांगितलं की अगदी गरज पडल्याशिवाय लिहू नका, फक्त कल्पना टिपा. दुसऱ्याला सांगितलं, मनात येईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला रोज लिहिणं सक्तीचं केलं, आणि सक्तीही कशी? लिहिलं नाही तर त्या माणसाला मुळीच न आवडणाऱ्या संस्थेला त्याच्याच खिशातून देणगी जायची. तिसऱ्या गटानं सगळ्यात जास्त लिहिलं, यात नवल नाही. खरी बाब पुढे आहे. नवी, चांगली कल्पनासुद्धा त्याच गटाला सगळ्यात जास्त वेळा सुचली, जवळजवळ रोज. मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना साधारण दोन दिवसांतून एकदा, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एकदा.

ही माणसं प्राध्यापक होती, कथाकार नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. प्रयोगही लहान होता. पण कथालेखकाला त्यातली गोष्ट लगेच पटते. कोऱ्या कागदापुढे ‘पात्र कोण घेऊ’ असा प्रश्न असतो आणि त्याला उत्तर नसतं. अर्धं पान लिहून झालं की प्रश्न बदलतो: मालकीण कपडे परत शिंप्याकडे नेईल का? या प्रश्नाला उत्तर सुचू शकतं, कारण तो नेमका आहे. लिहिल्यामुळे प्रश्न नेमके होतात आणि नेमके प्रश्न मनात मुरतात. म्हणून प्रेरणा आली की लिहीन असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की क्रम उलटा लावून पाहा.

पहिला खर्डा यात वाईटच असतो. तो तसाच असू द्यावा. खर्डा लिहिणारं मन आणि चुका काढणारं मन एकाच बैठकीत बसवलं की पहिलं गप्प होतं.

‘आमच्या गावात लिहिण्यासारखं काय आहे?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण तो विचारणारे पोट्टे हुशार असतात. त्यांनी वाचलेल्या बहुतेक कथा पुण्या-मुंबईच्या असतात, त्यामुळे आपली मुक्कामी गाडी, आपला कापसाचा काटा, संत्र्याच्या बागेचा इसार, वरुड-मोर्शीकडचा आंबिया बहार की मृग बहार हा दरवर्षीचा घोर, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या हे सगळं त्यांना कथेबाहेरचं वाटतं. खरं तर मुक्कामी एसटीचा चालक आणि वाहक रात्री गावात कुठे जेवतात, कोणाशी बोलतात, एवढ्यावर एक कथा उभी राहते. रोज येणारी ती दोन परकी माणसं गावातल्या कोणाची तरी बाहेरच्या जगाशी असलेली एकमेव ओळख असतात.

विदर्भाचं गाव म्हटलं की बाहेरच्यांना एकच विषय दिसतो, शेतकरी आत्महत्या. तरुण लेखकालाही वाटतं की याच्यावरच लिहिलं पाहिजे, नाहीतर आपण गावाशी प्रामाणिक नाही. असं काही बंधन मानू नका. ज्या घरात ते घडलं त्या घरातही हसणं आहे, पोरीच्या लग्नाची बोलणी आहेत, दुधाचा हिशोब आहे. लिहायचंच असेल तर त्या माणसाला पुरतं ओळखून लिहा. तो कोणत्या गोष्टीवर चिडायचा, बाजारातून पोरांसाठी काय आणायचा, हे माहीत नसेल तर ती कथा बातमीच राहील.

दुसरी भीती बोलीची. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ बोलणारा माणूस कागदावर येताच पाठ्यपुस्तकासारखं लिहू लागतो, आणि त्याची पात्रं निर्जीव होतात. मालकीण म्हणते, ‘काहून रे, काई कमी पडलं काय तुले?’ सालगडी म्हणतो, ‘कपडे ठुवा तुमच्यापाशी बाई. यंदा मी नाई रायत.’ हेच ‘तुला काही कमी पडले का’ असं लिहून पाहा. माहिती तीच राहते, माणसं निघून जातात. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवणं हा सोपा आणि जुना मार्ग आहे. उद्धव शेळके यांच्या १९६० साली आलेल्या ‘धग’ या कादंबरीत वऱ्हाडी संवादांनी काय साधलं ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. पूर्व विदर्भातल्यांना हाच आधार झाडीबोलीचा आहे. फक्त एक सांभाळा. बोली हसवण्यासाठी वापरू नका. आपल्याच माणसाच्या तोंडचे शब्द गमतीचे म्हणून मांडले की वाचकाला तो माणूस खालच्या पायरीवरचा वाटतो.

बोलीत, बोलण्याच्या लयीत लिहिण्याला आपल्याकडे सातशे वर्षांहून जास्त जुना वारसा आहे. मराठी गद्यातला आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला, आणि महानुभावांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. ती कथा-कादंबरी नव्हे, श्रद्धेनं जमवलेल्या आठवणी आहेत, हे खरं. पण त्यामागची मेहनत आजच्या कथालेखकानं मुद्दाम समजून घ्यावी. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना म्हाइंभट भेटले, त्यांच्याकडून प्रसंग ऐकले, आणि एकाच प्रसंगाबद्दल दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर तो फरकही नोंदवून ठेवला. कोण काय बोललं, कुठे बसलं होतं, काय खाल्लं, हे बारकावे म्हणूनच इतक्या शतकांनंतर जिवंत वाटतात. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या भांडणाबद्दल तीन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारा. तिघांच्या हकीकती जिथे जुळत नाहीत तिथेच कथा दडलेली असते.

गावात लिहिताना एक अडचण शहरापेक्षा मोठी आहे. तुमची पात्रं तुमच्या गल्लीत राहतात. उद्या कथा छापून आली तर कोणीतरी म्हणणार, हे तर आमच्या घरचं आहे. नाव बदलणं पुरत नाही. नातं बदला, हंगाम बदला, पुरुषाच्या जागी बाई आणा, दोन माणसांची एक करा, गाव नदीच्या पलीकडे न्या. असं केल्यानं माणसांची अब्रू राखली जाते, आणि कथेचाही फायदा होतो, कारण खरं घडलेलं जसंच्या तसं मांडण्याची ओढ सुटते. सालगड्याच्या जागी मोलकरीण आणली तर कपड्यांऐवजी काय असेल, हा विचार करतानाच कथा तुमची होऊ लागते.

टिकून राहणं

आता दुसरी अडचण. उत्साहानं दहा पानं होतात आणि वही ट्रंकेत जाते.

एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की आवडीनं कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यासाठी पैसे देऊन नंतर ते बंद केले, तर मोकळ्या वेळात त्यांचं कोड्यांकडे वळणं कमी होतं. पुढे त्यांनी आणि रिचर्ड रायन यांनी या विषयावर बरंच काम केलं. त्याचं सार असं, की माणूस एखाद्या कामाला आतून चिकटून राहतो तो तीन गरजा भागल्या तर: हे मी माझ्या मर्जीनं करतो आहे, मला हे हळूहळू जमू लागलं आहे, आणि यात माझ्यासोबत कोणीतरी आहे. गावातल्या लेखकाकडे पहिली गोष्ट भरपूर असते, कारण त्याला लिही म्हणून कोणी सांगितलेलंच नसतं. कमी पडतात त्या दुसरी आणि तिसरी. पुरस्कार, नाव, फोटो यांच्या आशेवर सुरू केलेलं लिखाण पहिल्या नकारालाच कोलमडतं, त्याचं कारणही इथेच सापडतं.

जमू लागल्याचं कळावं म्हणून काम लहान करा. कादंबरीऐवजी आधी दोन पानांचा एक प्रसंग. पाडव्याच्या सकाळी मालकीण कपडे काढून खाटेवर ठेवते आणि सालगडी येतो, इतकाच. तो पूर्ण झाला की त्यावर तारीख टाका. पूर्ण झालेली दोन पानं अर्धवट पन्नास पानांपेक्षा जास्त बळ देतात.

वेळ ठरवण्याचीही एक युक्ती आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं की ‘मी रोज लिहीन’ असा निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी अमुक करीन’ असं आधी ठरवलेलं काम जास्त वेळा होतं. गावात घड्याळापेक्षा खुणा पक्क्या असतात. मुक्कामी गाडी आली की वही उघडायची. सकाळी दूध डेअरीवर घालून आलो की अर्धा तास. दुपारी जेवणानंतर सासूबाई पडल्या की ओसरीवर बसायचं. घरच्या बाईला स्वतःचा असा वेळ कोणी देत नाही हे मी पाहत आलो आहे, म्हणून तिच्यासाठी ही खूण फार मोलाची आहे, आणि वेळ दहा मिनिटांचा असला तरी चालेल. निंदणाला जाता-येता मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवणं हाही लिहिण्याचाच भाग आहे. बोलून टाइप करायची सोय मराठीत आहे, पण ती बोलीतले शब्द बरेचदा बदलून टाकते, तेव्हा मूळ आवाज पुसू नका.

सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. सोयाबीन काढणीत आठवडा गेला तर वही बंद करण्याचं कारण नाही.

शेतीच्या घरात तर वर्षभर एकाच मापानं लिहिणं शक्यही नाही. मृगापासून पेरणी, डवरण, निंदण, मग सोयाबीन, मग कापसाची वेचणी. या काळात फक्त टिपणं करा: ऐकलेलं वाक्य, पाहिलेला हावभाव, एखादा अडलेला प्रश्न. कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, की उन्हाळ्याच्या लांब दुपारी खर्डा लिहायचा. विदर्भातलं ऊन माणसाला अकरा ते पाच घरात बसवतंच. त्या वेळेचा लेखकाइतका उपयोग कोणाला नाही.

आणि उठताना वाक्य अर्धं सोडा. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असं नोंदवलं होतं, की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तेवढा ठळक दिसला नाही, पण लिहिणाऱ्यासाठी त्यात एक साधा फायदा उरतोच. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर सुरुवात करावी लागत नाही, काल तोडलेलं वाक्य जोडावं लागतं.

सोबत

तिसरी गरज सोबतीची, आणि गावात ती आपण होऊन शोधावी लागते. एक ऐकणारा पुरे. तो साहित्यातला जाणकार नसला तरी चालेल. त्याला ‘कशी वाटली’ असं विचारू नका, तो चांगलीच म्हणेल. ‘कुठे कंटाळा आला’ आणि ‘पुढे काय होईल असं वाटलं’ एवढं विचारा. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा चार जण जमले तरी गट होतो. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे आणि नागपूरबाहेरही त्याच्या शाखा आहेत. जवळच्या शाखेच्या कार्यक्रमाला जाऊन बसा, ओळखी करा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माणसाला तर झाडीपट्टीची रंगभूमी अंगणात मिळाली आहे. दिवाळीनंतर सुरू होणारा तिचा हंगाम, देसाईगंज म्हणजे वडशात असलेली कंपन्यांची कार्यालयं, रात्रभर चालणारी नाटकं आणि थंडीत घोंगडं घेऊन बसलेले हजारो प्रेक्षक. कथालेखकानं तिथे रंगमंचाकडे कमी आणि लोकांकडे जास्त पाहावं. कोणत्या प्रसंगाला माणसं चहाला उठतात, कोणत्या वाक्याला मागच्या रांगेतली बाई डोळ्याला पदर लावते, कुठे पोरं झोपेतून जागी होतात. गोष्ट माणसाला कशी धरून ठेवते हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

छापण्याचं वेळापत्रकही आपल्या शेतीच्या वर्षाशी बरं जुळतं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’च्या अंकानं सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा अजून नव्या कथाकारांसाठी मोठं दार आहे, आणि अनेक संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात. उन्हाळ्यात खर्डा, मृगाच्या आधी एकदा स्वच्छ प्रत, पेरणी आटोपली की पाठवणी, असा क्रम लावता येतो. पाठवण्याआधी त्या अंकाचा मागच्या वर्षीचा एक तरी अंक वाचा. कथासंग्रह किंवा कादंबरी तयार असेल आणि आधी एकही पुस्तक निघालेलं नसेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्या सूचना आणि मुदती मंडळाकडूनच तपासून घ्या, मधल्या कोणाला पैसे देऊ नका.

होकार-नकार कळायला महिने जातात, आणि पुष्कळदा काहीच उत्तर येत नाही. पाठवलेल्या कथेची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, कोणाला कधी पाठवली ते वहीच्या मागच्या पानावर लिहा, आणि दुसऱ्या कथेसाठी माणसांना विचारायला लागा. वेचणीच्या दिवसांत बाया ओळीनं पुढे सरकताना जे बोलतात ते ऐकायची संधी वर्षातून एकदाच येते.